झाडांचा चहा टिकत नाही

९ फेब्रुवारी

मुंगी,

फोन करत नाही, कारण फोनवर तू रडतेस आणि मग माझं बोलणं अर्धवट राहतं. पत्रात तुला मध्ये तोंड घालता येत नाही, तेव्हा आता नीट वाच.

अंजीर गेलं. आज सकाळी तुझ्या शेडच्या मुकादमाने मशीन आणून ते बुंध्यासकट उपटलं, खड्डा बुजवला आणि दुपारपर्यंत वर काँक्रीट ओतून मोकळा झाला. मी भिंतीवरून ओरडले, तर म्हणतो, ट्रक वळायला जागा हवी, मॅडमनी नकाशावर सही केलीय. मॅडम म्हणजे तू, हे कळायला मला एक क्षण लागला. आमच्या घरात उसाच्या मळीच्या डब्यात बोटं घालून चाटणारी एक मुंगी होती, तिची मॅडम कधी झाली कोण जाणे.

नर्सरीची वाटणी झाली तेव्हा मी तुला विचारलं होतं, अंजीर तुझ्या अर्ध्यात येतंय, त्याचं काय? तू म्हणालीस, "ताई, झाडाला कोण हात लावतंय?" खरंय. तू हात लावलाच नाहीस. तिकडे लांब शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकतेस, मग हात कशाला लागतोय.

आई मागच्या पायरीवर बसून सगळं बघत होती. मी तिला आत चल म्हटलं, ती हलली नाही. ती या घरात आली त्या वर्षी बाबांनी ते झाड तेलाच्या डब्यात लावून तिच्यासाठी आणलं होतं. जन्मभर रोपं विकली त्या माणसाने, पण या अंजिराची एक काडी कुणाला दिली नाही. धंद्याची झाडं वेगळी आणि घरचं झाड वेगळं, असं म्हणायचे. म्हणजे जगात ते एवढंच होतं, आणि ते तू ट्रक वळवायला दिलंस.

झाड आडवं झाल्यावर मी या वयात भिंत चढून तुझ्या हद्दीत उतरले. गुडघा फुटला. मुकादम नको नको म्हणत होता, पण माझ्या हातात कात्री बघून बाजूला झाला. मिळतील तेवढ्या काड्या कापून आणल्या आणि एक ट्रे भरून लावल्या. आता बाबांच्या अंजिराचं जे काही उरलंय ते या एका ट्रेमध्ये आहे. त्या जगल्या तर ठीक. नाही जगल्या तर मला तोंड दाखवू नकोस.

ताई


१ मार्च

नकाशावाल्या मॅडम,

पत्र मिळालं. चार पानांची माफी आहे आणि तिच्यात एक वाक्य असं, की नकाशात झाड दाखवलेलंच नव्हतं. त्या झाडावरून पडून तुझा हात मोडला होता. त्याच्या फांदीवर बसून तू परीक्षेचा अभ्यास केलास, निकाल लागला तेव्हा खाली उतरायला तयार नव्हतीस. आणि झाड कुठे आहे हे तुला नकाशाने सांगायला हवं होतं?

काड्यांना डोळे फुटलेत. हिरवे टोकदार कोंब आलेत. हे तुला सांगायचं नव्हतं, पण आई म्हणाली कळव, म्हणून कळवलं.

पाणी घालायचं काम तिनेच मागून घेतलंय. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तिला बारीक काही दिसत नाही, पण झारीचा हात तिच्यासारखा माझाही नाही. सकाळी उठली की चूळ भरायच्या आधी ट्रेपाशी जाते. झाड पडल्यापासून गप्प गप्प होती, ती आता काड्यांशी बोलते. मी ऐकू येत नसल्यासारखं करते.

मुळं धरली की चहा सुरू करीन. आपला चहा. कसा करतात ते आठवतंय का, का नकाशात तेही नव्हतं? नळाचं पाणी पिंपात भरून दिवसभर उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातलं औषध उडून जातं. मुरलेलं गांडूळखत फडक्यात बांधून त्यात सोडायचं, आतल्या जिवांना खायला थोडी मळी घालायची, आणि माशांच्या टाकीचा पंप लावून रात्रभर बुडबुडे चालू ठेवायचे. सकाळी ओल्या मातीचा वास आला पाहिजे. आला, की त्याच दिवशी झाडांना घालून पिंप रिकामं करायचं. पंप बंद झाला की आतले जीव गुदमरतात आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी आंबतं. झाडांचा चहा टिकत नाही. हे बाबांनी आपल्या दोघींना एकाच पिंपाशी उभं करून शिकवलं.

आणि तू तोच चहा भिंतीपलीकडच्या शेडमध्ये बाटलीत भरतेस. टिकावा म्हणून त्यात काय काय कालवतेस आणि वर लेबल लावतेस, 'झाडांचा चहा'. बाबांचा शब्द. शिळा चहा आपण दारात आलेल्या माणसालाही देत नाही, आणि तू तो लोकांच्या झाडांना पाजतेस. तुझ्या बाटलीने शहरातल्या गॅलऱ्या हिरव्यागार झाल्या असं लिहिलंयस. झाल्या असतील. मला त्याचं काय करायचंय.

ताई


१२ एप्रिल

शेजारच्या शेडच्या मालकीणबाईंना,

तुमच्या शेडचं सांडपाणी आमच्या हद्दीत मुरतंय. बाटल्या धुतलेलं पाणी तुम्ही भिंतीलगतच्या गटारात सोडता आणि भिंतीच्या अलीकडे आमची बाकडी आहेत.

तुम्ही वगैरे लिहायचं ठरवलं होतं, पण जमत नाही. मुंगी, काड्या मरतायत.

मागच्या आठवड्यापर्यंत तळव्याएवढी पानं आली होती. आता पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी झाल्यात आणि आतून पिवळ्या पडतायत. एक काडी उपटून पाहिली. मुळं पांढरी हवीत, ती चहाच्या चोथ्यासारखी झालीत. पाणी जास्त झालं म्हणावं तर माती बेताची ओली आहे. कीड नाही. आधी मला तुझ्या ट्रकच्या धुळीचा संशय आला, म्हणून ट्रे आतल्या बाजूला हलवला. काही फरक नाही. चहा मीच करते आणि मीच हुंगते, त्यात काही खोट नाही. बाकीच्या रोपांना मी माझ्या हाताने तोच घालते, ती मजेत आहेत. मग या एका ट्रेलाच काय झालं? तुझ्या भिंतीला सगळ्यात जवळ हाच होता.

आई दिवसातून दहा वेळा ट्रेपाशी जाऊन उभी राहते. मला विचारते, "जगतील ना गं?" मी हो म्हणते. खोटं बोलण्याची मला सवय नाही, ती तुझ्यामुळे लागतेय.

मी तक्रार करणार आहे. नगरपालिकेत, आणि आणखी जिथे करता येईल तिथे. आधी झाड पाडलंस, आता त्याची पोरं मारतेस. बहीण म्हणून आधी कळवतेय, एवढीच सवलत.

ताई


१९ एप्रिल

तुझं पत्र आलं. नावाने हाक मारायचीही इच्छा नाही.

"मुकादमाकडून कळलं. खरं सांगू ताई, खूप आनंद झाला. एवढ्या वर्षांनी." हे तुझ्या हातचं अक्षर आहे. मी तीनदा वाचलं. पुढे विचारतेस, "पानांना तेज आलं का?"

इथे ट्रेमधल्या अर्ध्याहून जास्त काड्या वाळून गेल्यात. मुकादम रोज भिंतीवरून डोकावतो आणि तुला बातम्या पुरवतो, हे मला माहीत होतं. पण त्या ऐकून तुला आनंद होईल आणि तू तो कागदावर लिहून मला पाठवशील, तू एवढ्या खालच्या पायरीला उतरशील असं वाटलं नव्हतं. तेज आलं का म्हणे. चोर तो चोर, वर शिरजोर.

सांडपाण्याबद्दल एक अक्षर नाही तुझ्या पत्रात. उत्तर नसलं की माणूस विषय बदलतो.

आईला पत्र वाचून दाखवलं नाही. ती म्हणाली, "काय लिहिलंय तिने? खूश आहे ना?" मी म्हटलं, खूप खूश आहे. तर ती हसली. गेल्या किती महिन्यांत ती अशी हसली नव्हती, आणि मी उठून बाहेर गेले, कारण त्या क्षणी मला तुम्हा दोघींचा राग आला होता.

तक्रारीचा कागद लिहून झालाय. उद्या देणार.


२६ एप्रिल

मुंगी,

तक्रार दिली नाही. का, ते सांगते, मग तू मला हवं ते म्हण.

सोमवारी आईला ताप होता, म्हणून ट्रेला पाणी मी घालायला गेले. तिची झारी उचलली. तळाशी आदल्या दिवशीचं उरलेलं पाणी होतं. त्याला आपल्या चहाचा वास नव्हता. गोडसर, आंबूस, दुकानातल्या शेल्फसारखा वास होता. मी झारी ओतून हात लावून पाहिलं, तर बोटं चिकट. बाकड्याखाली रिकामी पोती असतात, ती ओढली. मागे तुझ्या बाटल्या. सगळ्या रिकाम्या, नीट धुऊन ओळीत लावलेल्या. आई बाटली टाकत नाही, तुला माहीतच आहे.

आत जाऊन तिला विचारलं. तिने लपवलं वगैरे नाही. उलट, मला कळलं म्हणून तिला बरंच वाटलं असावं. तिने भिंतीवरून मुकादमाकडे बाटल्या मागितल्या, ताईला हव्यात म्हणून सांगितलं. मी केलेला चहा झारीत घ्यायचा आणि वर तुझी बाटली ओतायची, असं ती रोज करत होती.

मी म्हटलं, बाटलीवर लिहिलंय, बादलीभर पाण्याला एक झाकण. ती म्हणाली, "मला कुठे दिसतंय ते बारीक? आणि पोरीने केलेली वस्तू, त्यात हात कशाला आखडायचा. जरा सढळच घातली."

मग मी विचारलं, का केलंस असं? ती उशीवर डोकं ठेवून म्हणाली, "एका घरात तर तुम्ही नांदला नाहीत. निदान एका झारीत तरी नांदा, म्हटलं."

अति तिथे माती, असं तीच आपल्याला सांगत आली. कोवळ्या मुळांवर झारीभर कडक औषध रोज पडलं, ती भाजून निघाली. तुझ्या गटाराचा काही संबंध नव्हता. तुझ्या त्या "आनंद झाला"चा अर्थही मला तेव्हा कळला. तुला वाटलं, ताईने शेवटी माझी बाटली मागवली. आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली, आणि तू नको त्या गोष्टीसाठी खूश झालीस आणि मी नको त्या गोष्टीसाठी तुला शिव्या घातल्या.

माफी मागत नाही. झाड तूच पाडलंस, ते तसंच आहे. पण गटाराचं मागे घेते.

आईला मी काय बोलले ते लिहीत नाही.

ताई


४ मे

मुंगी,

तू लिहिलंस तसं केलं. ट्रेमधून भरपूर साधं पाणी जाऊ दिलं, काड्या काढून मुळं धुतली, नव्या वाळूत लावल्या, सावलीत ठेवल्या. शेवटच्या दोन हिरव्या होत्या. परवा एक गेली, आज दुसरी. ट्रे धुऊन पालथा घातलाय. बाबांचं अंजीर संपलं.

तू विचारलं आहेस, आईला काय बोललीस. लिहिणार नव्हते. पण ती आता झारीला हात लावत नाही, म्हणून लिहिते.

मी म्हटलं, मशीनवाल्याने निदान एका झटक्यात मारलं, तू रोज थोडं थोडं मारलंस. असं म्हणाले मी तिला, तापात. आणखीही बोलले. वाटणीचं काढलं, तुझी बाजू घेतल्याचं काढलं, तुझ्याकडे राहून आल्याचं काढलं. हे सगळं मी तुझ्यासाठी साठवून ठेवलं होतं, इतकी वर्षं, घट्ट झाकण लावून. ते तिच्यावर ओतलं, पाणी न घालता.

आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाला सांगू?

ताप उतरला, पण ती पायरीवर भिंतीकडे तोंड करून बसते. जेवायला बोलावलं की येते, दोन घास खाते, ताट धुऊन ठेवते. बाबांचं झाड आपण मारलं, असं तिने मनात घेतलंय. मी काल झारी भरून तिच्यापुढे ठेवली, म्हटलं, मिरचीच्या रोपांना घाल. ती म्हणाली, "तूच घाल. माझ्या हातात बरकत नाही." जिच्या हाताखाली आपण दोघी आणि ही सगळी नर्सरी वाढली, ती हे म्हणते. मी झारी उचलून मिरच्यांना पाणी घातलं आणि इतकं घातलं की माती वाहून गेली.

तुझा राग येतो, तिचा येतो, आणि सगळ्यात जास्त माझा येतो. आता इतक्या रागाचं काय करायचं, ते बाबांनी शिकवलं नाही.

ताई


१३ मे

मुंगे,

आज आई बोलली.

मी पंप साफ करत होते. नळीत शेवाळ धरलं होतं, तारेने काढत होते. ती पायरीवरून बराच वेळ बघत बसली आणि मग एकदम म्हणाली, "तिच्या घरी मासा नाही, पण माशांचा पंप आहे."

मी म्हटलं, कुणाच्या? तर म्हणाली, "मुंगीच्या. ऑपरेशनला गेले होते तेव्हा रात्रभर गॅलरीत गुडगुड आवाज यायचा. मी विचारलं, मासे पाळलेस का? तर लाजली."

मग ती सांगत गेली आणि मी तार हातात धरून ऐकत राहिले. गॅलरीत रंगाच्या डब्यात एक अंजीर आहे म्हणे. कमरेएवढं. वाटणीच्या दिवशी तू घर सोडून निघालीस, तेव्हा ओल्या रुमालात एक काडी गुंडाळून नेलीस, आईला तेवढी दाखवलीस आणि ताईला सांगू नकोस म्हणालीस. तिने शब्द पाळला. झाड पडलं तेव्हा पाळला, ट्रे वाळला तेव्हा पाळला, मी तिला नको नको ते बोलले तेव्हाही पाळला. मी विचारलं, मग आज का सांगितलंस? ती म्हणाली, "तिचं ती कधी सांगतेय याची वाट बघत होते. पण तुम्ही दोघी एकीपेक्षा एक हट्टी. मी किती दिवस पुरणार?"

मुंगे, तू चार चार पानं माफीची लिहिलीस आणि त्यात ही एक ओळ नाही. घाबरलीस, मी चोर म्हणेन म्हणून. म्हणतेच. चोर आहेस. बाबांनी कुणाला न दिलेली काडी तू चोरलीस. आणि तू ती चोरली नसतीस तर आज काय उरलं असतं, हे मला आतून कळतं, म्हणून तर अंगाचा आणखी तिळपापड होतोय.

आणखी एक. आईला मी खोदून खोदून विचारलं, त्या डब्यातल्या झाडाला मुंगी बाटलीतलं घालते का? आई म्हणाली, "छे. बादलीत करते रात्री, सकाळी घालते, उरलेलं शेजारणीच्या कुंडीत ओतते. बाटली नाही घालत त्याला." म्हणजे अख्ख्या शहराला तू बाटली विकतेस आणि घरच्या झाडाला पिंपातला चहा. धंद्याची झाडं वेगळी आणि घरचं झाड वेगळं. मी हसले. आई दचकून बघायला लागली, इतक्या जोरात हसले, आणि मग रडले, तेही जोरात. तू इथे नव्हतीस म्हणून रडले, नाहीतर तुझ्यासमोर मी रडत नाही.

आता नीट ऐक. काड्या कापून पाठवू नकोस. हा त्याचा मोसम नाही, आणि पार्सलात झाडं मरतात. डबा तसाच्या तसा घेऊन ये. पानं वाऱ्याने फाटतात, तेव्हा वरून ओलं फडकं बांध. तुझ्या बाजूला लावायचं नाही. भिंतीच्या अलीकडे, मागच्या पायरीसमोर, जिथे आई बसते तिथे मी खड्डा खणायला घेतलाय. मुकादमाला सांग, त्या दिवशी भिंतीवरून डोकावला तर कात्री माझ्या हातात असेल.

आईला मी त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल अजून काही म्हटलं नाही. कसं बोलायचं ते सुचत नाही. झारी माझ्या हातून ती घेत नाही, तेव्हा ती तू तिच्या हातात द्यायचीस. मी शेजारी उभी राहीन.

आपल्यात सगळं मिटलं, असं समजू नकोस. आलीस की झाडाबद्दल मला तुझ्याशी भांडायचंच आहे, समोरासमोर, आणि तुला रडू देणार नाही. पण ते डबा उतरवून झाल्यावर. कुठल्या दिवशी येतेस ते कळव. आदल्या दिवशी मी पिंपात पाणी भरून ठेवीन, रात्री पंप लावीन. मळी तू आल्यावर चाट, डबा उघडा ठेवते. फक्त सांगितलेल्या दिवशीच ये. दुसऱ्या दिवसापर्यंत तो चहा टिकत नाही, हे तुला सांगायला नको.

ताई